बारशाआधी आपटे उघडा

हल्ली पाळण्याला दोर बांधायच्या आधीच मोबाईलवर 'मुलांची युनिक नावं' धुंडाळून झालेली असतात. आत्याच्या वाट्याला उरतं ते बाळाच्या कानात कुर्र करणं आणि पाठीवर धपाटे खाणं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मूल ज्यांचं, त्यांनी नाव ठरवावं. तक्रार आहे ती नावासमोर बिनदिक्कत छापलेल्या अर्थाबद्दल.

'आरव' घ्या. हे नाव इतकं चाललं की बालवाडीच्या एकाच वर्गात दोघे सहज सापडावेत (युनिक ते हेच!). बहुतेक याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' असा मिळतो. वामन शिवराम आपट्यांनी 1890 साली काढलेल्या संस्कृत कोशात बघा : आरव म्हणजे आवाज, आरडाओरड. पक्ष्यांच्या कलरवातला 'रव' तोच. ज्यांच्या घरात दोन वर्षांचा आरव आहे, त्यांना आपट्यांचं म्हणणं पटवून द्यायची गरज नाही. 'रेयांश'ची कथा आणखी मजेची. अर्थ काय, तर 'सूर्यकिरणाचा अंश'. संस्कृतात किरणाला शब्दांचा काय तोटा? रश्मी, मयूख, मरीची, अंशू. 'रे' मात्र इंग्रजी शाळेतला. नाव कानाला गोड लागतं म्हणून ठेवा की, कोण अडवतंय! पण पत्रिकेवर 'संस्कृत नाव' म्हणून मिरवू नका.

यात भर पडते ती नक्षत्राच्या अक्षराची. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो. 'ण'वरून नाव आणायचं कुठून? आजीच्या काळी यावर साधा तोडगा होता : नावरस नाव पत्रिकेत राहायचं आणि हाक मारायला घरचं दुसरं. आता तेच अक्षर सर्चमध्ये टाकलं जातं आणि समोरून काहीतरी जुळवून येतं, अर्थासकट. एका यादीनं ठोकून दिलेलं दुसरी उचलते, दहा ठिकाणी तेच दिसलं की आईबाप निर्धास्त. वर अंकशास्त्रासाठी स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए'. तो पुढे आधार आणि पासपोर्टवर वेगवेगळा उमटला की हेलपाटे आहेतच.

गंमत म्हणजे दोष इंटरनेटचा नाही. आपटे आणि मोल्सवर्थ, दोघांचेही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधायला दोन मिनिटं लागतात. पण शोधतो कोण?

घाईचंही कारण नाही. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव घालायला शुल्क पडत नाही. उलट 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लायसन्स आणि मतदारयादीपर्यंत हाच जन्मदाखला पुरावा म्हणून चालणार आहे. तेव्हा दाखल्यावर नाव चढवण्याआधी एकदा कोशात बघून घ्या.