देखभालीला उद्घाटन नसते

पुढचा लोहमार्ग मोकळा आहे की त्यावर गाडी उभी आहे, हे सिग्नलला कळते ते बव्हंशी रुळांतून वाहणाऱ्या अल्पशा विद्युत्प्रवाहामुळे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याची १८७२ सालची ही ‘ट्रॅक सर्किट’ची योजना आजही जगभर वापरात आहे. रुळांच्या एका टोकाला वीज, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिची चाके व आस प्रवाहाला जवळची वाट करून देतात, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी उतरली, जोडतार तुटली किंवा पावसाळ्यात भिजलेल्या खडीतून प्रवाह झिरपला, तरीही सिग्नल लालच होतो. बिघाडाने गाडी थांबावी, अपघात घडू नये, हे या रचनेतील शहाणपण होय.

परंतु या शहाणपणाच्या भरवशावर देखभालीत काटकसर करणे घातक आहे. सिग्नल वारंवार विनाकारण लाल होऊ लागला, की गाड्या लेखी परवान्यावर पुढे सोडाव्या लागतात. यंत्राने उचललेला भार पुन्हा माणसाच्या सावधपणावर येतो. शिवाय, क्वचित का होईना, बिघाड उलट्या दिशेनेही होतो. २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टनच्या मेट्रोमध्ये सदोष ट्रॅक सर्किटला उभ्या गाडीचा पत्ताच लागला नाही. मागून दुसरी गाडी आदळली आणि नऊ जण प्राणास मुकले. असा दोष हुडकणारी चाचणी, २००५ साली टक्कर थोडक्यात टळल्यानंतर, तयार झालेली होती. ती नित्याच्या देखभालीत रुजलीच नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

यामागे एक आर्थिक कारण आहे. नव्या मार्गाची कोनशिला बसते, त्याचे उद्घाटन होते. झिजलेली तार वेळीच बदलल्याने टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. साहजिकच पैशाची चणचण भासली की पहिली कात्री देखभालीवर चालते. यावर उपाय एकच: प्रत्येक नव्या योजनेच्या खर्चातच पुढील तपासणीची व सुटे भाग बदलण्याची तरतूद बांधून घ्यावी, आणि प्रत्येक बिघाडाची नोंद कारणासह प्रसिद्ध करावी.

मुंबईच्या उपनगरी प्रवाशाला रविवारचा मेगाब्लॉक हा निव्वळ खोळंबा वाटतो. वस्तुतः उरलेल्या सहा दिवसांच्या सुरक्षिततेचा तो हप्ता आहे. हप्ता चुकवणाऱ्याला व्याज भरावेच लागते. रेल्वेत ते पैशांत भरता येत नाही.