बिघाड यंत्रात की इतिहासात? डिशवॉशरची गोष्ट (थ्रेड)

१/ गेल्या महिन्यात आमच्या नाशिकच्या घरी डिशवॉशरने असहकार पुकारला. पेल्यांवर पांढरा थर, तळाशी साचलेले पाणी आणि काळवंडलेला पितळी तांब्या. घरच्यांचा निकाल एकमुखी होता: यंत्रच सदोष. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो मान्य नाही. का, ते सांगतो.

२/ हे यंत्र मुळात कोणत्या भांड्यांसाठी जन्मले? अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या मौल्यवान ताटल्यांचे टवके उडतात, ही त्यांची मूळ तक्रार. १८८३ मध्ये पती कर्ज मागे ठेवून वारले आणि ही कल्पनाच उपजीविकेचे साधन झाली.

३/ रचना साधी होती. ताटल्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा. घासणे नाहीच. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील उपाहारगृहांत ही यंत्रे चालली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेतील विवेकानंदांचे भाषण आपण शाळेत शिकलो. तिथल्या मोरीत काय घडत होते, ते कोणी शिकवले नाही.

४/ आता इकडे या. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरने घेतली होती. भांडी बाजार आजही आहे. तांब्या, घागर, पातेले, परात ही भांडी खोल, गोल, कधी अरुंद तोंडाची. ती राख, चिंच आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. बोटे भांड्याच्या गळ्यातून आत वळतात, फवारा वळत नाही.

५/ म्हणून पहिला 'बिघाड': भांडे आतून खरकटेच राहते. उपाय: भांडी पालथी आणि थोडी तिरकी ठेवा, एकावर एक रचू नका. सुरू करण्यापूर्वी फवाऱ्याचे पाते हाताने फिरवून पाहा. परात किंवा झारा आडवा आला की ते अडकते.

६/ दुसरा: पांढरा थर. हे पाण्यातले क्षार. बोअरवेलच्या पाण्यात विशेष. यंत्रातील रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होते. मिठाचा कप्पा रिकामा असेल तर थर बसणारच. त्यात डिशवॉशरचे जाड मीठच घाला, स्वयंपाकाचे नको. कॉक्रेन यांचे यंत्रही घरांआधी हॉटेलांत रुजले, कारण घरोघरी पुरेसे गरम पाणी नव्हते.

७/ तिसरा: साचलेले पाणी. तळाची गाळणी काढा. शिते, मोहरी, कढीपत्ता सापडेल. ती नळाखाली धुवा, मग निचऱ्याची नळी कुठे दुमडली आहे का ते पाहा. तरीही पाणी उतरले नाही, तरच कारागीर बोलवा.

८/ चौथा: काळवंडणे. धुण्याची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, कल्हईची भांडी आणि बिडाचा तवा तिच्या वाटेला जाऊ देऊ नका. ती हातानेच घासावीत.

९/ आता माझे मत. चारही ठिकाणी यंत्र आपले काम चोख करते. ते केवळ दुसऱ्या स्वयंपाकघराच्या इतिहासातून आले आहे. तंत्रज्ञान वस्तूबरोबर तिच्या जन्मस्थळाची गृहीतकेही आणते. त्यांतले एक गृहीतक मला अस्वस्थ करते: या शोधाच्या मुळाशी घासणाऱ्या हातांविषयीची तक्रार होती.

१०/ आमच्याकडे हे यंत्र २०२० च्या टाळेबंदीत आले, घरकाम करणाऱ्या मावशींना येणे अशक्य झाले तेव्हा. आज आम्ही यंत्राला मीठ देतो, त्याची गाळणी धुतो, पुस्तिका वाचून त्याच्या मर्यादा समजून घेतो. मावशींचा चहाचा कप मात्र वर्षानुवर्षे वेगळा होता आणि त्यांच्या सुट्टीवर कुरकुर होती. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ मध्ये केला. घरातला कप वेगळा ठेवू नये, यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नव्हती.

११/ उष्ट्या-खरकट्याचा इतिहास जात आणि स्त्रीश्रम वगळून लिहिता येत नाही. गाळणी जरूर साफ करा. पण यंत्राला देतो तितका समजूतदारपणा आपण माणसाला कधी दिला होता का, हेही त्याच वेळी तपासा. तो बिघाड कोणताही कारागीर दुरुस्त करणार नाही.