आजीआजोबांच्या सेवास्थानीं मुलांस न्यावें काय?

सुटी लागली कीं नातवंडांनीं आजोळीं जावें, आजीच्या हातचें खावें, आजोबांच्या मागें मागें शेतांत किंवा बाजारांत हिंडावें, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. आमच्या मुलांचें आजोळ मात्र गेलीं तीन वर्षें अमरावती जिल्ह्यांतील कोठारा येथें, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या मिशनच्या रुग्णालयापाशीं आहे. आजी परिचारिका होत्या. आजोबा एका शाळेंत सुतारकाम शिकवीत. दोघेंही सेवानिवृत्त झाल्यावर पुण्याच्या घरास कुलूप लावून तिकडे गेलीं. आजी जखमांच्या मलमपट्टीस हात लावितात. आजोबा पादत्राणांच्या कामांत मदत करितात. पगार नाहीं, राहण्यास दोन खोल्या आहेत. अशा ठिकाणीं शाळकरी मुलांस न्यावें कीं न न्यावें, हा वाद गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या घरांत महिनाभर चालला होता. आमचें मत आतां ठाम झालें आहे, व तेंच ह्या वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडावयाचें आहे. न्यावें, आणि फाटकापाशीं न थांबवितां आंत न्यावें.

विरोध कोणा परक्यानें केला नाहीं; मुलांच्या मावशींनींच केला. त्या शिकलेल्या आहेत, नोकरी करितात, आणि आईबापांवर त्यांचा जीव आहे. "मोठ्यांनीं खुशाल जावें, पण लेंकरांना तिथें कशाला?" असें त्या म्हणाल्या, आणि आपल्या दोन मुलांस त्यांनीं आमच्याबरोबर पाठविलें नाहीं. आम्ही त्यांस हंसलों नाहीं. कारण खरें सांगावयाचें तर भीति आमच्याही मनांत होती. आम्हीं ती पुस्तकी माहितीखालीं झांकून ठेविली होती, इतकेंच.

ती माहिती प्रथम सांगून टाकूं. नॉर्वे देशांतील हान्सेन ह्या वैद्यानें १८७३ सालीं ह्या रोगाचा जंतु शोधून काढला. म्हणजे हा पापाचा, रक्तदोषाचा किंवा वंशाचा रोग नव्हे, हें कळून दीडशें वर्षें होऊन गेलीं. ज्यानें उपचार घेतलेला नाहीं अशा रोग्याच्या श्वासांतून व शिंकेतून, आणि तेंही दीर्घ काळच्या निकट सहवासानें, हा जंतु दुसऱ्याकडे जातो. बहुतेक माणसांच्या अंगीं त्यास दाद न देण्याची शक्ति उपजतच असते. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार सुचविला. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने तीं औषधें घेतलीं म्हणजे रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळांत त्या रोग्यापासून इतरांस धोका राहत नाहीं. औषधें फुकट मिळतात. असें असूनही आपल्या देशांत अजून दरवर्षीं सुमारें एक लाख नवे रोगी आढळतात, आणि साऱ्या जगांतील नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक भारतांतलेच असतात.

ज्या वांकड्या बोटांस व खुंटलेल्या पायांस पाहून आपण दचकतों, तीं बोटें व ते पाय पुष्कळदां बऱ्या झालेल्या माणसाचे असतात. जंतु मरतो, पण जो मज्जातंतु कायमचा निकामी झाला, त्याची संवेदना परत येत नाहीं. मग तापलेला तवा हातास लागतो तरी कळत नाहीं, चपलेंतील खिळा दिवसभर टोंचतो तरी कळत नाहीं. बोटें आपोआप गळून पडत नाहींत. तीं अशा न कळलेल्या जखमांनीं झिजतात. १९४६ सालीं वेल्लोरच्या मिशन रुग्णालयांत आलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड ह्यांनीं ही गोष्ट जगास पटवून दिली, आणि वांकलेलीं बोटें शस्त्रक्रियेनें पुन्हां कामास लाविलीं.

भीतीला आपल्याकडे कायद्याचाही आधार होता. रोग्यांस समाजापासून वेगळें ठेवण्याची सोय करणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. पतिपत्नींपैकीं एकास हा रोग असणें हें घटस्फोटाचें कारण मानिलें जाई. तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. सरकारास जेथें एवढा वेळ लागला, तेथें मावशींस चार दिवस अधिक लागले तर नवल नाहीं.

असो. पुण्याहून रात्रीच्या गाडीनें बडनेरा, तेथून अमरावती, आणि पुढें एस. टी.नें परतवाडा, असा आमचा प्रवास झाला. (मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी, लोक जिला शकुंतला म्हणत ती अरुंद मापाची आगगाडी आतां बंद आहे, हें कळल्यावर आमच्या आठवींतल्या चिरंजीवांची फार निराशा झाली.) रस्त्याच्या कडेस संत्र्यांचे ढीग लागले होते, आणि उत्तरेस सातपुडा निळा दिसत होता. फाटकाशीं आजोबा उभे होते.

आमच्या सामानांत एक पिशवी होती. तींत पाण्याच्या सहा बाटल्या, चार पेले व चार ताटल्या होत्या. प्रवासाच्या सोयीकरितां म्हणून त्या घेतल्या, असें आम्हीं उभयतांनीं एकमेकांस सांगितलें होतें. संध्याकाळीं आजींनीं तांब्याभांडें आणून पुढें ठेविलें, तेव्हां आमच्यापैकीं एकाच्या तोंडून निघून गेलें, "राहूं द्या, आमच्याजवळ आहे." पिशवी उघडली गेली. आजी कांहींच बोलल्या नाहींत. तांब्या उचलून त्या आंत घेऊन गेल्या.

आमची धाकटी तिसरींत आहे. तिनें विचारिलें, "आजी रोज हेंच पाणी पिते ना? मग आपण का नाहीं प्यायचें?"

वर लिहिलेली सर्व माहिती त्या क्षणींही आम्हांस तोंडपाठ होती, आणि तिच्यापैकीं एक अक्षर आमच्या कामीं आलें नाहीं. आम्ही गप्प बसलेलें पाहून ती उठली, आंत गेली, तांब्यांतलें पाणी स्वतःच ओतून प्यायली आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसली. मागाहून आम्हीही तेंच पाणी प्यालों. परंतु मुलीच्या मागून पिण्यांत कांहीं मोठेपणा नव्हता. आजीआजोबांनीं ती गोष्ट पुन्हां काढिली नाहीं. काढिली असती तर आम्हांस सोपें गेलें असतें.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, मुलांस तेथें न नेण्यांत त्यांच्या प्रकृतीची जी काळजी आपण दाखवितों, ती बहुतांशीं आपल्याच भीतीची पांघरलेली शाल असते. मुलांस भीति नसते. ती आपण देतों. आणि शब्दांनीं दिली नाहीं तर पिशवींतून देतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलांस आजींबरोबर आंत जाऊं दिलें. व्हरांड्यांत दहाबारा माणसें घमेल्यांतील पाण्यांत पाय सोडून बसलीं होतीं. पाय पाण्यांत भिजवावे, कठीण झालेली कातडी खरखरीत दगडानें हलकेंच घांसावी, वरून तेल लावावें, आणि मग आरसा धरून तळव्यावर कोठें भेग, फोड किंवा जखम आहे काय तें पाहावें, असा हा रोजचा क्रम आहे. जें दुखून सांगत नाहीं, तें डोळ्यांनीं शोधून काढावें लागतें. मज्जातंतूंविषयीं आमच्या चिरंजीवांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचिलें होतें व परीक्षेंत त्यावर गुणही मिळविले होते. पण एक मनुष्य आरशांत पाहून आपल्या पायाची खुशाली घेतो, हें पाहून तो बराच वेळ बोलला नाहीं.

धाकटी एका वृद्ध गृहस्थांच्या शेजारीं बसली आणि एक रिकामें घमेलें ओढून तिनें आपलेही पाय पाण्यांत सोडले. तिला उठवावें म्हणून आमचा हात पुढें झालाच होता. आजींनीं नुसतें पाहिलें, आणि तो मागें आला. वृद्ध गृहस्थ वऱ्हाडी बोलींत तिला म्हणाले, "बाई, तुले काटा रुतला त तू रडतं. मले रुतला त समजतच नाई. तुयं बरं हाय." ती म्हणाली, "मग मीं पाहून देऊं का?" आणि तिनें त्यांच्या तळव्यापुढें आरसा धरिला. पुढले चार दिवस हें तिचें काम झालें. तिला तें काम कोणी नेमून दिलें नव्हतें. त्या गृहस्थांचीं स्वतःचीं नातवंडें तेथून फार दूर नाहींत, पण तीं कधीं येत नाहींत, असें आजी मागाहून म्हणाल्या.

आजोबा ज्या खोलींत काम करितात ती आम्हांस फार आवडली. बधिर पायांकरितां सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ घालून तेथें चपला करितात. रोग्याचा पाय कागदावर ठेवून भोंवतीं पेन्सिल फिरवितात, माप घेतात, आणि तो कागद भिंतीवर लावून ठेवितात. चपलेंत खिळा म्हणून वापरीत नाहींत. वर येऊन टोंचला तर पायाच्या धन्यास कळणार नाहीं. जन्मभर मुलांना खिळे ठोकण्यास शिकविलेल्या आजोबांस उतारवयांत खिळ्यावांचून जोडण्याची विद्या शिकावी लागली, ह्याची त्यांस स्वतःसच मोठी मौज वाटते.

येथें आमची एक जुनी तक्रारही सांगितली पाहिजे. आजीआजोबा गेले तेव्हां आम्हांस राग आला होता. मुलें लहान, आम्ही दोघें कामावर जाणारीं. अशा वेळीं ह्यांनीं आपलीं नातवंडें सोडून परक्यांची सेवा करावी काय? आमच्या मनांत म्हातारपणाचा एक ठराविक आंखणीपट होता. त्यांत झोपाळा होता, देवाचें नांव होतें, आणि (हें आम्ही कबूल करितों) संध्याकाळीं मुलें सांभाळणेंही होतें. परंतु वर सांगितलेल्या पॉल ब्रँड ह्यांच्या मातोश्री एव्हलिन ब्रँड ह्यांचेंच उदाहरण पाहा. पति जेसी ब्रँड १९२९ सालीं वारल्यानंतरही त्या तामिळ मुलखांतील डोंगरी लोकांच्या सेवेंत राहिल्या. सत्तरीच्या सुमारास मिशननें त्यांस निवृत्त केलें, तरी त्या डोंगर सोडून खालीं आल्या नाहींत. १९७४ सालीं, पंचाण्णव वर्षांच्या असतांना त्या वारल्या, तोंपर्यंत त्यांचें काम चालू होतें. सगळे त्यांस ब्रँड आजी म्हणत. मुलगा व नातवंडें असतांना हें नांव जगानें त्यांस दिलें, ह्याचें त्या घरांतील मुलांस दुःख झालें असेल काय? आमच्या धाकटीस मात्र पहिल्या दिवशीं झालें. वार्डांतील एक मुलगा तिच्या आजीस "आजी" म्हणाला, तेव्हां ती रुसून बसली. दोन दिवसांनीं तीच त्याला "आपली आजी कुठें आहे?" असें विचारीत होती.

रोग्यांच्या सहवासांत मुलांनीं वाढल्याचीं उदाहरणें आपल्याकडेही थोडीं नाहींत. डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं १९४६ सालीं अमरावतीस तपोवन स्थापिलें; बाबा आमटे ह्यांनीं १९४९ सालीं वरोऱ्यास आनंदवन. बाबांचे दोन्ही मुलगे आनंदवनांतच रोग्यांच्या अंगाखांद्यावर खेळले, आणि पुढें दोघेही डॉक्टर होऊन त्याच वाटेनें गेले.

एक आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. कांहीं लोक मुलांस अशा ठिकाणीं प्रदर्शन पाहावयास न्यावें तसे नेतात. मिठाईचे पुडे वांटतात, मुलांच्या हातून एक पुडा देववितात, छायाचित्र घेतात आणि तासाभरांत निघून जातात. त्यापेक्षां न नेलेलें बरें. आमच्याही चिरंजीवांनीं व्हरांड्यांत फोन वर केला होता. आजोबा शांतपणें म्हणाले, "आधीं त्यांचें नांव विचार. मग त्यांना विचार." त्यानें नांव विचारिलें, गप्पा झाल्या, आणि छायाचित्र घेण्याचें राहूनच गेलें. जावयाचें तर चार दिवस राहावें, काय पाहावयास मिळेल तें आदल्या दिवशींच मुलांस उघड सांगावें, आणि तेथें त्यांच्या हातास कांहीं काम असावें. दया करण्यास शिकविण्याची घाई करूं नये. शाळेंत आपण ती पुरेशी शिकवितों.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आजोबांनीं दोन्ही मुलांचे पाय कागदावर आंखून घेतले, आणि ते कागद रोग्यांच्या मापांशेजारीं भिंतीवर लाविले. त्याच मापाचे आणखी दोन कोरे कागद त्यांनीं कापून टेबलावर ठेविले होते. मावशींच्या मुलांकरितां, असें ते म्हणाले.

परत आल्यावर हें आम्हीं मावशींस सांगितलें. त्यांनीं अजून होय म्हटलेलें नाहीं. मात्र परवां फोनवर इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर, पुण्याची रात्रीची गाडी बडनेऱ्यास किती वाजतां पोंचते, एवढें त्यांनीं विचारिलें.