सोयरीक ॲम्प्लिफायरची आणि स्पीकरची

दिवाळीनंतर आम्ही आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या समाचारास पुण्यास गेलों होतों. घरांत त्यांस सर्व अण्णा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, घर भरलेलें. दोन मुलगे, सुना, नातवंडें, शिवाय वडील बहीण आत्याबाई. आणि दिवाणखान्याची एक अखंड भिंत अण्णांनीं चाळीस वर्षें जमविलेल्या ध्वनिमुद्रिकांनीं व्यापलेली. दिवेलागणीला गाणें लागलें नाहीं असा दिवस ज्या घरीं आम्हांस स्मरत नाहीं, तेथें त्या सायंकाळीं सगळें चिडीचूप होतें. आम्हीं कारण पुसलें तेव्हां थोरल्या सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "मामंजींनीं गाणं ऐकायचं सोडलंय. आतां कान गेले म्हणतात."

अण्णांस विचारलें तर त्यांनीं शांतपणें सांगितलें, "तंबोऱ्याची जवारी ऐकूं येत नाहीं हो. तबल्याची चाट, तीहि बोथट. नुसता सूर कळतो, त्याचं तेज कळत नाहीं. मग कशाला उगाच तबकड्या झिजवायच्या?"

वाढत्या वयाबरोबर वरच्या पट्टीचें ऐकणें मंदावतें हें खरेंच आहे, त्यामुळें घरांत कोणासहि शंका आली नाहीं. पण आम्हांस एक गोष्ट खटकली. स्वयंपाकघरांत फोडणी पडली तिचा चुरचुराट सर्वांच्या आधीं अण्णांनींच ओळखला होता. आम्हीं थोरल्या नातवास एक तबकडी लावावयास सांगितली आणि उठून स्पीकरच्या वरच्या लहानशा घुमटाशीं, म्हणजे ट्वीटरशीं, कान नेला. तेथें कांहींच नव्हतें. दुसऱ्या स्पीकरचीहि तीच गत. अण्णांचे कान गेले नव्हते. ट्वीटर गेले होते. ते कोणत्या दिवशीं गेले हेंहि थोड्या चौकशीनें निघालें. वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज घरींच झाली, त्या दिवशीं.

पुढें जाण्यापूर्वीं शब्दांविषयीं एक खुलासा. 'ध्वनिवर्धक' हा शब्द कोणी ॲम्प्लिफायरला लावितात, कोणी मांडवांतल्या कर्ण्याला. दुकानांत तो उच्चारला तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. तेव्हां भाषाशुद्धीच्या अभिमान्यांची क्षमा मागून आम्ही येथें बाजारांतलेच शब्द ठेवितों.

रेडिओग्रामच्या काळीं ही अडचण गृहस्थाच्या वांट्यास येतच नसे. व्हॉल्व्ह आणि स्पीकर एकाच लांकडी पेटींत येत आणि त्यांची सोयरीक कारखान्यानेंच जुळवून दिलेली असे. अमेरिकेंत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं चुंबकाच्या फटींत हलणाऱ्या वेटोळ्याचा स्पीकर पुढें आणला. आजच्या बहुतेक स्पीकरांची मूळ रचना तीच आहे. त्या जुन्या रेडिओंत चार-पांच वॅटांहून अधिक शक्ति क्वचितच असे, तरी ओसरीवर लावलेला रेडिओ परसांत ऐकूं येई. कारण मोठा, हलका कागदी पडदा थोड्या शक्तींत पुष्कळ आवाज देई. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंतच एडगर व्हिल्चर यांनीं हवाबंद लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला आणि स्पीकर फडताळावर बसण्याजोगा झाला. ह्या सोयीची किंमत अशी पडली कीं तितक्याच आवाजाला कित्येक पट शक्ति लागूं लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज ह्या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहींत. दोन घ्याव्या, तिसरीवर पाणी सोडावें. आणि पेट्या वेगळ्या झाल्यावर वधूवरांची पत्रिका पाहण्याचें काम साहजिकच घरधन्यावर आलें.

अण्णांकडील ॲम्प्लिफायर जुना, २५ वॅटांचा. त्याच्या पाठीवर '८ ते १६ ओहम' असें स्वच्छ छापलेलें. स्पीकर परदेशीं असलेल्या पुतण्यानें मोठ्या प्रेमानें पाठविलेले, आकारानें चिमुकले. त्यांवर तीन आंकडे : ६ ओहम, ८३ डेसिबल, १०० वॅट. घरांतील मंडळींनीं त्यांपैकीं शेवटचा तेवढा वाचला. स्पीकर १०० वॅटचा, ॲम्प्लिफायर २५ चा; गाडी भक्कम आणि बैल लहान, मग गाडी मोडेल कशी, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब आम्हीं अनेक सुशिक्षित घरांत ऐकला आहे आणि दुर्दैवानें कांहीं दुकानांतहि ऐकला आहे.

स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो देतो ती शक्ति नव्हे. तो किती सोसतो याचा तो अंदाज आहे, आणि तोहि साधारण संगीतांत खर्ज अधिक व वरचे स्वर थोडे हें प्रमाण गृहीत धरून केलेला. आवाज किती मिळणार तें डेसिबलच्या आंकड्यावरून कळतें. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला बरोबर एक वॅट दिला, तर एक मीटरवर किती आवाज होतो तें हा आंकडा सांगतो. शक्ति दुप्पट केली कीं आवाज अवघे ३ डेसिबल वाढतो. यावरून ८९ डेसिबलच्या स्पीकरला जें २५ वॅटांत साधतें, त्यालाच ८३ च्या स्पीकरला १०० वॅट लागतात. आंकड्यांतला हा सहांचा फरक दिसावयास क्षुल्लक, पण खिशाला चौपट. येथें एक मेख आहे. ४ ओहमचा स्पीकर २.८३ व्होल्टांत एक नव्हे, दोन वॅट घेतो; तेव्हां त्याच्या जाहिरातींत ८८ लिहिलें असेल तर ८ ओहमवाल्यांशीं तुलना करतांना ते ८५ समजावेत.

अण्णांच्या नित्याच्या ऐकण्याला यांतलें कांहींच बाधत नव्हतें. दहा फुटांवर आरामखुर्चीत बसून मंद आवाजांत ख्याल ऐकणाऱ्यास अर्धा-एक वॅट पुरतो. घात झाला तो ओहममुळें.

ओहम म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला जो अडथळा करतो त्याचें माप. गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं मांडलेला नियम शाळेंत सर्वांनींच घोकलेला असतो : व्होल्ट तेवढेच ठेवून अडथळा कमी केला कीं प्रवाह त्या प्रमाणांत वाढतो. २५ वॅटांचा ॲम्प्लिफायर ऐन भरांत साधारण १४ व्होल्ट देतो. ८ ओहममधून त्याचे पावणेदोन अँपियर वाहतात. एवढ्याची तयारी त्याच्या रचनाकारानें ठेविलेली असते. मुंजीच्या दिवशीं माजघरांतील बायकामंडळींस ऐकूं यावें म्हणून थोरल्या नातवानें ८ ओहमची एक दुसरी जोडी आणली आणि पहिलीच्याच खुंट्यांवर तिच्या तारा पिळून दिल्या. ६ आणि ८ ह्यांची बेरीज १४ होते खरी, पण ती एकामागून एक जोडल्यास. शेजारीं शेजारीं जोडलीं कीं विजेस दोन वाटा मिळतात आणि अडथळा साडेतीन ओहमच्याहि आंत येतो. त्यांतहि पेटीवरचा आंकडा नाममात्र असतो. स्वराप्रमाणें अडथळा कमीजास्त होतो आणि छापलेल्या आंकड्याच्या शेंकडा ८० पर्यंत तो उतरण्यास आंतरराष्ट्रीय मानकाचीच मुभा आहे. म्हणजे कांहीं स्वरांवर तो पावणेतीनपर्यंत येणें शक्य. पावणेदोनाच्या जागीं चार-पांच अँपियर मागितल्यावर तो बिचारा जुना ॲम्प्लिफायर काय करणार?

त्यानें जें केलें तें असें. सकाळपासून सनई; मंगलाष्टकांनंतर पुन्हां सनई; दुपारीं पंगती, सायंकाळीं भिक्षावळ, आणि मग मुलांचीं नाचाचीं गाणीं. एरवीं दोनावर असणारी कळ नवावर. अण्णा विधींत गुंतलेले, कळ नातवंडांच्या स्वाधीन. ॲम्प्लिफायरची शक्ति संपली कीं तो आवाजाच्या लाटेचे शेंडे कापूं लागतो. शेंडे कापलेल्या लाटेंत मुळांत नसलेले वरचे स्वर नव्यानें उत्पन्न होतात. शिवाय कळ जसजशी पुढें न्यावी तसतसा खर्ज कापलाच जातो, पण वरचे स्वर, त्यांस अजून जागा असल्यामुळें, वाढतच जातात. खर्ज सोसणारा वूफर हें सहज पचवितो. ट्वीटरचें वेटोळें केसासारख्या तारेचें. तें फार काळ थोडेसेच वॅट सोसूं शकतें. मुळांतच वरच्या स्वरांनीं भरलेली सनई, तिच्यांत ही भर, आणि तेंहि पांच-सहा तास! गोंगाटांत ट्वीटर केव्हां जळले तें कोणास कळलें नाहीं. ॲम्प्लिफायर चटका बसण्याइतका तापला होता असें सूनबाईंस मात्र आठवलें. त्यांनीं तेव्हां सांगितलेंहि होतें, पण मुंजीच्या घरांत ऐकतो कोण? आम्हांस विशेष वाईट वाटलें तें याचें कीं त्यानंतर पांच-सहा महिने एक रसिक माणूस दोष स्वतःच्या देहाला देत मुकाट्यानें बसून राहिला.

अशक्त ॲम्प्लिफायर निरुपद्रवी असतो ही समजूत म्हणूनच आम्ही घातक मानितों. आवाज फाटूं लागला, किंचितहि चिरकला, कीं कळ मागें घ्यावी. तेथें वॅटांचा हिशेब काढीत बसूं नये. कळ अर्ध्यावर आहे म्हणजे शक्ति अर्धी उरली आहे असेंहि नाहीं. मोबाइलवरून किंवा संगणकावरून जोरकस आवाज आंत येत असेल तर अर्ध्यापूर्वींच सगळी शक्ति खर्चीं पडलेली असते.

ज्यांच्या घरीं अद्याप व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे त्यांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. त्याच्या पाठीवर ४, ८, १६ अशा निरनिराळ्या खुंट्या असतात; स्पीकर ज्या आंकड्याचा त्याच खुंटीस जोडावा. तो स्पीकरावांचून कधींहि चालवूं नये, कारण भार नसतां आंतील ट्रान्सफॉर्मरमध्यें दाब चढून त्याचें आवरण फुटण्याचें भय असतें. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचें उलट : त्यास स्पीकर नसला तरी चालतें, पण दोन तारांचीं उघडीं टोंकें एकमेकांस भिडलीं कीं त्याचें मरण. तारेसंबंधानें बाजारांत जें स्तोम माजविलें जातें त्यांत आम्हांस फारसें तथ्य दिसत नाहीं. घरांतील विजेच्या कामाची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दिवाणखान्यास पुरून उरते. दहा मीटर लांबीवर जाऊनयेऊन तिचा अडथळा ०.१४ ओहमच्या आसपास भरतो.

मल्टिमीटर घरीं असेल तर स्पीकरचा अडथळा मोजून पाहावा. ८ ओहमचा स्पीकर सहाच्या जवळपास दाखवितो, त्यानें घाबरून जाऊं नये. तें यंत्र स्थिर विजेचा अडथळा मोजतें, गाण्याच्या हलत्या विजेचा नव्हे. अण्णांचे ट्वीटर उघडून तपासले तेव्हां मात्र कांटा मुळींच हलला नाहीं. वेटोळीं तुटलीं होतीं.

उपाय काय करावा यावर घरांत दोन दिवस खल झाला. थोरल्या नातवाचें म्हणणें, २०० वॅटांचा ॲम्प्लिफायर घ्यावा म्हणजे कटकटच नको. आम्हीं त्यास विरोध केला. २५ चे २०० झाले तरी आवाज ९ डेसिबलनेंच वाढणार, आणि पुढील कार्यांत तीच मुलें तीच कळ फिरवून या खेपेस वूफरहि जाळणार. शेवटीं ६० वॅटांचा, पण ४ ओहमचा भार चालेल असें निर्मात्यानें स्पष्ट लिहिलेला ॲम्प्लिफायर ठरला. घेतांना आम्हीं एवढेंच पाहिलें कीं ८ ओहमवर जे वॅट लिहिले आहेत ते ४ ओहमवर वाढलेले दिसतात. तेथें ते उलट घटत असतील तर वीजपुरवठा अशक्त समजावा. ट्वीटर त्याच जातीचे, दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. एकच बदलला तर डावेंउजवें जुळत नाहीं. जुना ॲम्प्लिफायर भंगारांत गेला नाहीं. ८ ओहमची ती दुसरी जोडी आणि तो, हीं दोघें एकमेकांस अगदीं अनुरूप निघालीं आणि माजघरांत आत्याबाईंच्या भजनांसाठीं स्थिरावलीं. आतां दिवाणखान्याचा आणि माजघराचा तारेनें कांहीं संबंध नाहीं, आणि आत्याबाईंस आपली कळ कोणास विचारून फिरवावी लागत नाहीं.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां सायंकाळ झाली होती व तबकडी फिरत होती. अण्णा डोळे मिटून बसले होते. आम्हीं बसावयास चटई ओढली तशी त्यांनीं हातानेंच थांबविलें, थोडा वेळ ऐकलें आणि किंचित नाराजीनें म्हणाले, "डाव्या तंबोऱ्याचा पंचम जरा उतरलाय. इतकीं वर्षं कसं लक्षांत आलं नाहीं कोण जाणे!"