पोर सोंपविलें, त्याचा हिशेब कोण देणार?

शेजाऱ्यास औतासाठीं बैल दिला आणि तो संध्याकाळीं लंगडत परत आला, तर आमचा कुणबी शेजाऱ्याच्या दारांत उभा राहून जाब विचारतो. सोनाराकडे घडावयास दिलेल्या सोन्यांत गुंजभर घट आली तरी तंटा होतो. पण पोटचें पोर एकाद्या संस्थेच्या हवालीं केलें आणि तें दुखावून आलें, किंवा आलेंच नाहीं, तर आम्ही कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावीत बसतों! बैलाचा हिशेब मागणाऱ्यानें पोराचा मागूं नये, ही कोठली रीत?

ही दशा आमच्याच मुलखाची आहे असें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. त्या देशांत गुलामी कायद्यानें गेली. पण गरिबाच्या आणि कृष्णवर्णी माणसाच्या पोराला शिस्तीच्या नांवाखालीं कोंडून मारण्याची खोड गेली नाहीं. फ्लॉरिडा प्रांतांत मारियाना गांवीं १९०० सालीं सरकारनें मुलांची सुधारशाळा काढली. पुढें तिला डोझियर शाळा म्हणूं लागले. १९०३ सालीं तपासनिसांस तेथें मुलें बेड्यांत आढळलीं. तपासणी झाली, कागद झाला, शाळा चालूच राहिली. ती बंद पडली २०११ सालीं! मग विद्यापीठाच्या शोधकांनीं तेथील जमीन उकरली. दप्तरीं नोंद ३१ मुलांना पुरल्याची. थडगीं सांपडलीं ५५. त्या शाळेंत मेलेल्यांत कृष्णवर्णी मुलेंच अधिक. लहानपणीं चामड्याच्या पट्ट्याचे फटके खाल्लेले लोक म्हातारपणीं साक्ष देण्यास पुढें आले. पण खटला भरण्याइतका पुरावा नाहीं, असें प्रांताच्या पोलिस खात्यानें २०१० सालीं सांगून टाकलें. २०१७ सालीं विधिमंडळानें माफी मागितली, २०२४ सालीं दोन कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. माफी मिळाली, पैसा मिळाला. न्याय तेवढा राहिला.

कोणी म्हणेल, तो पुरावा जुना झाला होता. मग ताजा पुरावा होता तेथें काय झालें तें पाहा. त्याच प्रांतांत पनामा सिटी येथें वाट चुकलेल्या मुलांसाठीं लष्करी थाटाची छावणी होती. २००६ च्या जानेवारींत मार्टिन ली अँडरसन हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा तेथें पहिल्याच दिवशीं धावतां धावतां थकून थांबला. पहारेकऱ्यांनीं त्याला मारलें, तोंड दाबून नाकाशीं अमोनिया धरला. नर्स जवळच उभी होती. दुसऱ्या दिवशीं मुलगा मेला. मारहाणीचें हें सारें कॅमेऱ्यानें टिपलें होतें. पहिल्या सरकारी डॉक्टरानें रक्तांतील जन्मजात दोषानें मेला असें लिहिलें. प्रेत उकरून दुसऱ्यानें तपासलें तेव्हां गुदमरून मेला असें ठरलें. सात पहारेकरी आणि नर्स यांच्यावर खटला झाला. २००७ च्या ऑक्टोबरांत सगळ्या गोऱ्यांच्या ज्यूरीनें सुमारें दीड तासांत आठही जणांस निर्दोष सोडलें! प्रांतानें आईबापांस पन्नास लाख डॉलर दिले आणि तसल्या छावण्या बंद केल्या. पण गुन्हेगार कोण? नोकर म्हणतात, नियमाप्रमाणें वागलों. हात नोकराचा, नियम संस्थेचा, परवाना सरकारचा; म्हणून अपराध कोणाचाच नाहीं!

आतां आपल्या घराकडे वळूं. वसतिगृह वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत बोर्डिंगें काढलीं, भाऊराव पाटलांनीं साताऱ्यांत सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीस बसविलीं, म्हणून कुणब्या-माळ्याच्या घरांत पाटी-पुस्तक आलें. तें नांव राखावयाचें तर बोर्डिंगावर बाहेरचा डोळा पाहिजे. बिहारांत मुजफ्फरपूरच्या आश्रयगृहांत मुलींवर होणारे अत्याचार २०१८ सालीं उघड झाले, कारण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनीं आंत जाऊन तपासणी केली. २०२० सालीं दिल्लीच्या न्यायालयानें १९ जणांस दोषी ठरविलें आणि चालकाला मरेपर्यंत जन्मठेप दिली. मनांत आणलें तर कायद्याचा हात पोंचतो तो असा.

कायदे आहेत. संस्थेचा नोकर किंवा चालक मुलाशीं क्रूरपणें वागला तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानें पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पांच लाखांपर्यंत दंड आहे. हाताखालच्या माणसानें केलेला लैंगिक अत्याचार दडपणाऱ्या संस्थाप्रमुखास २०१२ च्या कायद्यानें एक वर्षापर्यंत कैद आहे. पण एक भोंक राहिलें आहे. पोलिस कोठडींत माणूस मेला तर मॅजिस्ट्रेटनें चौकशी केलीच पाहिजे, असा कायदा आहे. आश्रमशाळेंत पोर मेलें तर तसें बंधन नाहीं. संशयित चोराला जें रक्षण, तें शाळकरी पोराला नको काय? म्हणून आमचें मागणें असें: संस्थेच्या ताब्यांत मूल मेलें कीं मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हावी. तें कसें मेलें हें संस्थेनें सिद्ध करावें, आईबापांनीं नव्हे. बंद दाराआडचें त्यांस काय ठाऊक? आणि नोकराबरोबर चालक व तपासणी चुकविणारा अंमलदार हेही पिंजऱ्यांत उभे राहावेत.

बंधूंनो आणि मायबहिणींनो, कायदा होईल तेव्हां होईल. तोंवर महिन्यांतून एकदां तरी पोराला भेटा, आणि न कळवितां जा. त्याला बाजूला घेऊन बसा, पाठ उघडी करून पाहा. दुखण्याचा निरोप आला तर औत सोडून निघा. देव न करो, पण प्रेत हातीं आलें तर कागदावर अंगठा उठविण्याआधीं शवपरीक्षा मागा. "फुकट शिकवितों, वर हिशेब काय मागतां?" असें कोणी गुरकावलें तर त्याला सांगा कीं, सरकारी अनुदान आमच्याच करांतून येतें. आणि येत नसतें तरी पोर आम्हीं दान दिलेलें नाहीं, सोंपविलेलें आहे!