दगडी हनुवटी आणि आतलं मन

एक रील तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेलीच असणार. सुजून बंद झालेला डोळा, ओठातून रक्त, मागे धडधड वाढवणारं संगीत आणि ठळक अक्षरांत संदेश : मार खा, पण हटू नकोस. परीक्षेच्या आदल्या रात्री, जिमच्या ग्रुपवर, ब्रेकअपनंतरच्या स्टेटसला ती हमखास फिरते. तिच्यामागचं गणित सोपं असतं. जो बॉक्सर जास्त मार सोसतो, तो मनाने जास्त खंबीर. ऐकायला भारी वाटतं, पण गणित चुकलेलं आहे, आणि ते चुकल्याची किंमत अनेक बॉक्सरांनी मोजली आहे.

आधी सोसणं म्हणजे काय ते बघू. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं. कवटी फिरते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो, ताणला जातो आणि शरीरावरचा ताबा सुटतो. नॉकआउट तो हाच. मान जाड आणि बळकट असेल, ठोसा येताना दिसला आणि मान वेळेवर आवळली गेली, तर डोकं कमी फिरतं. न दिसलेला ठोसा सगळ्यात वाईट, असं बॉक्सर म्हणतात ते यासाठी. म्हणजे यात शरीराची ठेवण आली, मानेचे स्नायू आले, नजर आली, वजन उतरवण्यासाठी किती पाणी तोडलं होतं तेही आलं. जिद्दीचा वाटा फार थोडा. शिवाय पोटाचे स्नायू व्यायामाने कसले जातात, तसा मार खाऊन मेंदू कसला जात नाही. बॉक्सिंगमध्ये ज्याला 'दगडी हनुवटी' म्हणतात ती खरं तर शिल्लक असते. दर ठोशागणिक ती खर्च होते, आणि तिच्यात भर घालण्याची सोय नाही.

ऑस्कर डी ला होया आठवा. सहा वजनगटांत विजेतेपद मिळवलेला माणूस. २००४ मध्ये लास व्हेगासला बर्नार्ड हॉपकिन्सचा डावा ठोसा नवव्या फेरीत त्याच्या यकृतावर बसला. तो खाली गेला आणि रिंगच्या जमिनीवर मुठी आपटत राहिला. उठायचं त्याला होतंच. पाय ऐकत नव्हते. या माणसाचं मन कच्चं होतं असं कोण म्हणेल?

आता याच्या नेमकं उलट. ऑलिव्हर मॅकॉल हा मार पचवण्याबद्दल नावाजलेला हेवीवेट. १९९४ मध्ये त्याने लंडनला लेनॉक्स लुईसला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं होतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये दोघे लास व्हेगासला पुन्हा समोरासमोर आले. तीन फेऱ्यांनंतर मॅकॉलने लढणंच सोडलं. हात खाली सोडून तो रिंगमध्ये फिरत राहिला आणि मधल्या विश्रांतीत चक्क रडत होता. पाचव्या फेरीत रेफरी मिल्स लेन यांनी सामना थांबवला. त्याला कुणी पाडलं नव्हतं. तो व्यसनमुक्तीच्या उपचारांतून नुकताच जात होता, रिंगमध्ये उतरायच्या अवस्थेतच नव्हता. प्रेक्षकांनी मात्र हुर्यो उडवली. शरीर उभं आहे म्हणजे माणूसही उभा आहे, असं आपण किती पटकन धरून चालतो!

रॉबर्टो दुरानचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. पनामाच्या गरीब वस्तीतून आलेला, समोरच्याला नजरेनेच अर्धा मारणारा हा बॉक्सर. जून १९८० मध्ये माँट्रिऑलला त्याने शुगर रे लिओनार्डला पंधरा फेऱ्या झुंजून हरवलं. पाच महिन्यांत दुसरी लढत ठरली. मधल्या काळात दुरानने जेवणावळी झोडल्या, वजन वाढवलं आणि मग घाईघाईने उतरवलं. न्यू ऑर्लिन्सला लिओनार्ड त्याच्याभोवती नाचत, त्याची टिंगल करत राहिला. आठव्या फेरीत दुरानने पाठ फिरवली, हात झटकला आणि संपवून टाकलं. तो खचून कोसळेल इतका मार त्याने खाल्लाच नव्हता. पुढची काही वर्षं 'पळपुटा' हा शिक्का त्याच्यावर बसला. पण तोच दुरान १९८३ मध्ये डेव्ही मूरला आणि १९८९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड इरान बार्कलीला हरवून पुन्हा जगज्जेता झाला. मग त्याचं मन कणखर होतं की कच्चं? आम्हाला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. मन हे हाडासारखं एकदा घडलं की तसंच राहणारं काही नसतं. तयारी, झोप, अपमान, त्या रात्रीची परिस्थिती या सगळ्यावर ते हलतं.

सगळ्यात धोकादायक जोडी कुठली माहितीये? दगडी हनुवटी आणि तितकंच हट्टी मन एकाच माणसात. मुहम्मद अली. १९७४ मध्ये किन्शासाला त्याने दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, त्याला दमवलं आणि आठव्या फेरीत खाली पाडलं. जगाने टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण सोसणं हीच युक्ती ठरली की ती सरावातही शिरते. सरावातले भिडू त्याला मनसोक्त मारायचे आणि तो मारू द्यायचा. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे भयानक ठोसे पचवून तो जिंकला. त्याच्या डॉक्टरांनी, फर्डी पाचेको यांनी, आता थांब म्हणून सांगितलं. अलीने ऐकलं नाही, तेव्हा डॉक्टरच बाजूला झाले. १९८० मध्ये, ३८ वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता उभा होता. शेवटी त्याच्या कोपऱ्यातून अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. अली तेव्हाही स्वतःहून थांबला नव्हता. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा नेमका किती यावर डॉक्टरांमध्ये वाद झाले. पण डोक्यावरच्या माराने बॉक्सरांची बोली, चाल आणि स्मरण बिघडतं, हे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हण चांगली आहे. पण घाव कुठे आणि किती घालायचा हे पाथरवटाला ठाऊक असतं, आणि दगडाला मेंदू नसतो. समोरचा बॉक्सर तुमची मूर्ती घडवायला आलेला नसतो.

हे तुम्हाला का सांगायचं? तुमच्यातले काहीजण कॉलेजच्या संघात बॉक्सिंग, एमएमए, कबड्डी किंवा कुस्ती खेळता. स्पारिंगनंतर संध्याकाळभर डोकं ठणकत राहिलं, उजेड सहन होईना, लेक्चरमध्ये समोरचं वाक्य डोक्यात शिरेना, तरी तुम्ही गप्प बसता. कोचला सांगितलं तर 'नाजूक' ठरू, संघातून नाव जाईल, ही भीती. हेडगार्ड होतं ना, मग काय होतंय, असंही कुणीतरी म्हणतं. हेडगार्ड भुवई फाटण्यापासून वाचवतो, आत मेंदू हलायचा तो हलतोच. अशा वेळी त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये उतरायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय परत खेळायचं नाही. कोचने यावरून टोमणा मारला तर दुसरा कोच शोधा. आम्ही हे अगदी गंभीरपणे म्हणतोय. कोचची खरी पारख तुम्ही जिंकता तेव्हा होत नाही, तुम्हाला थांबायची गरज असताना होते.

याचं उदाहरण मनिलाचं. १ ऑक्टोबर १९७५, अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत, जीव घेणारा उकाडा. चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरला डाव्या डोळ्याने आधीपासूनच धड दिसत नव्हतं आणि आता उजवाही सुजून मिटला होता. म्हणजे अलीचा उजवा हात त्याला दिसतच नव्हता. एक फेरी उरलेली, तीन मिनिटं. समोरच्या कोपऱ्यात अलीही संपत आला होता. ही लढत मरणाच्या अगदी जवळ नेणारी होती, असं नंतर तोच म्हणाला. फ्रेझरला पुढे जायचंच होतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी ठोशांनी माणसं मेलेली पाहिली होती. त्यांनी फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही आणि रेफरीला सांगून लढत संपवली.

फ्रेझरने विरोध केला, तीन मिनिटांसाठी जगज्जेतेपद गेलं. पुढच्या वर्षी तो फोरमनविरुद्ध उतरला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात पुन्हा एडी फचच उभे होते.