पाचोळ्यातल्या सोंड्याचे बारसे

एका किड्याला नाव दिले काय आणि न दिले काय, देशाचे काय अडते, असे विचारणाऱ्या शहाण्यांची आपल्याकडे वानवा नाही. ताडोब्याच्या वाघासाठी हे लोक भल्या पहाटे उठतील. पण वाघाच्या पावलाखाली जो पाचोळा चुरचुरतो त्यात कोण नांदते, याची पूसतपास त्यांनी जन्मात केलेली नसते. सागाला लिलावात भाव, वाघाला तिकीट, तेंदूला ठेकेदार. पाचोळ्याला काय? काडी!

गृहिणींना सोंडे सांगायला नकोत. अनारशाचे तांदूळ निवडताना सुपात दिसतो तो लांब नाकाचा किडा त्याच घराण्यातला; त्याचे शास्त्रीय नामकरण लिनियसने १७६३ सालीच उरकले. या घराण्यात आजवर पन्नास हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. पण पाचोळ्यात राहणारे भाऊबंद मोहरीएवढे, मातकट, आणि त्यांतल्या कितीकांना उडताही येत नाही. पाचोळा चाळावा, हाती लागलेला जीव सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, त्याचे खवले, पाय, नराचे आतले अवयव न्याहाळावेत, आणि मग जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहावे. मार्शलसाहेबांनी १९१६ साली हिंदुस्थानच्या सोंड्यांवर ग्रंथ लिहिला खरा; पण त्यांनी वर्णिलेले कितीतरी मूळ किडे लंडनच्या संग्रहालयात! भामरागडच्या सोंड्याची सोयरीक ठरवायची तर पत्रिका लंडनहून आणायची, असा हा मामला.

आता उपयोगाचे बोलू. साल्व्हिनिया नावाचे पाणतण आफ्रिकेपासून केरळापर्यंत तळी गिळत सुटले होते. त्यावर आफ्रिकेत आधी सोडलेल्या सोंड्याने फारसा पराक्रम केला नाही. मग ब्राझीलमधून आणलेला, दिसायला अगदी तसाच किडा १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडला, आणि वर्ष-सव्वा वर्षात पाणी मोकळे झाले. शास्त्रज्ञांनी नीट पाहिले तो जात निराळीच! १९८५ मध्ये तिचे बारसे झाले. केरळातले पाणीही याच किड्याने मोकळे केले. सगळे किडे सारखेच म्हणणाऱ्यांना आणखी कोणता पुरावा हवा?

गडचिरोलीत मोहाची फुले नजरेस पडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लागते. वाघ पळतो, पाखरू उडते; हा बिनपंखी जाणार कुठे? यात मोह वेचणाऱ्या माडिया बाईला दोष देणे मात्र आम्हांला मान्य नाही. त्या फुलांवर तिचे घर चालते. झाडाखाली जाळी बांधली तर जाळण्याची गरज उरत नाही. ती जाळी तिला द्यायची कोणी? सूरजागडच्या डोंगरावर लोखंडासाठी यंत्रे पोचली. तिथला पाचोळा चाळायला किती जण गेले?

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात वन अकादमी आहे. किड्यांचे वर्गीकरण जाणणारा एक माणूस, एक सूक्ष्मदर्शक आणि नमुन्यांचे कपाट या जिल्ह्यांत कायम पगारावर, कायम जागेवर असलेच पाहिजे. (कपाटाला पगार लागत नाही, एवढी तरी बचत!) आणि जंगलात शिरण्याचा त्या माणसाचा परवाना श्रावणात, पाचोळा ओला असताना हाती पडावा, फाल्गुनात नव्हे.